परदेशी पाहुणे आणि इंदूरचं जेवण : तुमचे अनुभव सांगा

इंदुरात आपल्या मराठी घरांत आता परदेशी पाहुणे वरचेवर येतात. कुणाच्या मुलीची कॉलेजातली मैत्रीण, कुणाचा पीथमपूरच्या कारखान्यात आलेला इंजिनीअर, कुणी मांडू-महेश्वरला जाता जाता मुक्कामाला थांबलेलं. त्यांनी भारताबद्दल लिहिलेलं आपण पुष्कळ वाचतो. त्यांना जेवू घालणाऱ्यांनी काय पाहिलं, ते मात्र फारसं लिहिलं जात नाही. ते लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. पाहुणे कशाने खूश झाले, कुठे अडले, काय विचारलं, ते तपशिलात सांगा. "सगळं आवडलं" एवढ्यावर थांबू नका. मराठी शिकलेल्या परदेशी मंडळींनीही जरूर लिहावं.

सुरुवात मी करते. भाचीची बेल्जियमची मैत्रीण आली होती, तिला पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे नेलं. इथे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर असते, त्यामुळे ते सकाळभर मऊ आणि गरम राहतात. ती वाकून वाफ कुठून येते ते बघत राहिली. मग जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, तळहातावर घेऊन चाखलं आणि एकेक चव ओळखायला लागली: जिरं, बडीशेप, काळं मीठ, आमचूर. जिलबी तिने शेवटी खायची म्हणून बाजूला ठेवली होती. पोहेवाला म्हणाला, "साथ में खाओ बेटा." तिने एक घास तिखट, एक घास गोड असं खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच आम्हाला उठवायला लागली.

पलाशियावाला : मी ऑफिसातल्या डच सहकाऱ्याला सराफ्यात नेलं. मुद्दाम नऊच्या आधी पोचलो, कारण सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, ते बघण्यासारखं असतं. भुट्ट्याच्या किसाशी तो बराच वेळ उभा होता. कोवळं कणीस किसून तुपात परततात, दूध घालून आटवतात, हिंग-मोहरी-हिरवी मिरची, वर खोबरं-कोथिंबीर. त्याने मका आजवर उकडून लोणी लावून किंवा डब्यातला खाल्ला होता. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात तेव्हा सगळे मोबाइल काढतात, पण याला आवडलं ते वेगळंच. रात्री साडेबाराला लहान मुलं, आज्या, नवी लग्न झालेली जोडपी, सगळे एकाच गल्लीत उभ्याने खाताहेत. "यात कोणीही दारू प्यायलेलं नाही," हे त्याने मला दोनदा सांगितलं. त्याच्या गावात इतक्या रात्री रस्त्यावर इतकी माणसं म्हणजे बारमधून बाहेर पडलेलीच. आणि प्रत्येक ठेल्याशी कचऱ्याचा डबा! २०१७ पासून इंदूर वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलंय, ते असं पाहुण्याबरोबर फिरताना नीट जाणवतं भिया.

सुदामानगरची आई : मला जरा गंभीर लिहायचं आहे. मुलीची कॅनडातली मैत्रीण आमच्याकडे राहायला आली. तिला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी. तिने येण्याआधीच कळवलं होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला तेव्हा लक्षात आलं, आपलं मराठी स्वयंपाकघर दाण्याच्या कुटावर चालतं. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, पोहे, लसणाची चटणी. नुसता कूट वगळून भागत नाही. कुटाच्या डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात जातो, पाट्यावर आणि मिक्सरच्या भांड्यात अंश राहतो, तळणीचं तेल कोणतं हा प्रश्न असतोच. मी कूट, दाणे, फरसाण सगळं बांधून जावेकडे पाठवलं, मिक्सरचं भांडं नवं आणलं. कोशिंबिरीत खोबरं घातलं, वांग्यात तीळ-खोबरं, तेही तिला तीळ चालतात ना विचारून.

खरी अडचण घराबाहेर. शेजारणी प्रेमाने वाटी घेऊन येतात आणि "थोडासाच कूट आहे, काही होत नाही" म्हणतात. होतं. श्वास बंद होऊ शकतो. ती अॅड्रिनलिनचं इंजेक्शन कायम पिशवीत ठेवायची आणि ते मांडीत कसं टोचायचं ते तिने आम्हा सगळ्यांना आल्या आल्या दाखवून ठेवलं, आमच्या सासूबाईंनासुद्धा. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत ती फक्त नारळपाणी प्यायली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वाटलं ते एवढंच, की पाहुण्याचं "नको" इथे लोक लाजणं समजतात. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, परदेशी पाहुण्याने एखादा पदार्थ नको म्हटलं तर कारण विचारा, पण वाढू नका.

मूळची जर्मन, आता रामबागेतली : मी इथली सून. मराठी बोलते बरी, लिहिताना चुकले तर सांभाळून घ्या.

वरच्या ताईंचं पटलं. आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं, ताटात घेतलंय ते संपवायचं, ताट रिकामं म्हणजे जेवण आवडलं. इथे ताट रिकामं झालं की पोळी येते! पहिल्या गणपतीत मी प्रत्येक मोदक संपवत होते आणि काकू प्रत्येक वेळी नवा वाढत होत्या, दोघी एकमेकींचा मान राखत होतो. शेवटी नवऱ्याच्या आजीने मला दाखवलं, पुरे झालं की हात ताटावर आडवा धरायचा आणि वाढणाऱ्याकडे बघून हसायचं. हे तिथे कुठल्याच प्रवासाच्या माहितीत मी वाचलं नव्हतं.

दुसरं, चव बघणं. मी डावानेच आमटी तोंडाला लावली असती, पण सासूबाई डावातले दोन थेंब वरून तळहातावर सोडतात आणि तिथून चाखतात. डाव परत पातेल्यात जातो, स्वच्छ. आता माझी आई आली की मी तिलाही तसंच करायला लावते.

ट्रेनमध्ये पगार, वय, मुलं का नाहीत हे विचारतात, त्याचा मात्र मला अजून त्रास होतो. डबा उघडून पहिला घास मला देणारी बाईच ते विचारते, म्हणून उत्तर देते.

दौलतगंज : आमचा पाहुणा दूध-तूप न खाणारा निघाला, आणि घरात दाल-बाफल्यांचा बेत. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजतात, तूप नाही तर कोरडे लागतात. त्याचे चार बाजूला काढले, त्याने ते डाळीत कुस्करून, वर लिंबू पिळून खाल्ले. काम झालं.

जुना इंदूरकर : आमच्याकडे बर्लिनचा वास्तुकलेचा विद्यार्थी आला, त्याला माणिकबाग बघायची होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराने बांधला. आतलं बरंचसं फर्निचर १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेलं आणि इमारतीत आता सरकारी कार्यालय आहे. बाहेरून बघून परतलो. मला वाईट वाटलं, त्याला नाही. म्हणाला, इमारत वापरात आहे ना. नंतर महेश्वरला गेलो. तिथला हातमाग यशवंतरावांचे चिरंजीव रिचर्ड आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली होळकर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभा केला, हे त्याला घाटावर बसून सांगितलं. पाश्चात्त्य माणूस इथे फक्त बघायला येतो असं नाही, काही जण कामाला लागतात.

आग्रहाबद्दल रामबागेच्या सूनबाईंना सांगतो, आग्रह टाकून देऊ नका. दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा नाही. आणि सुदामानगरच्या ताईंचं म्हणणं त्याच्याही वर, तब्येतीचा प्रश्न असेल तर एकदाही नाही.

पलाशियावाला : काका, दोनदाचं मान्य.

नवलखा : पोट बिघडलं तर काय करावं, तेही लिहून ठेवते. माझ्या ब्रिटिश मैत्रिणीला उसाच्या रसातल्या बर्फाने त्रास झाला. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट देत राहायचं. ताप किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टरकडे. बरी झाल्यावर मऊ भात आणि ताजं ताक दिलं, ते तिने नंतर रोज मागितलं.

नवा सदस्य : आमच्याकडे मेमध्ये स्पेनची मंडळी येताहेत. गराडू खाऊ घालायचेत, कुठे चांगले मिळतील?

धागाकर्ती : मेमध्ये नाही मिळणार, गराडू थंडीतला कंद. भुट्ट्याची खरी चवही पावसाळ्यात. मेमध्ये घरी आमरस-पुरी करा, कैरीचं पन्हं घरच्या पाण्याचं, आणि रात्री सराफ्यात शिकंजी. मात्र त्यांना आधीच सांगा की इंदूरची शिकंजी लिंबूपाणी नाही, सुकामेवा घातलेलं घट्ट दुधाचं पेय आहे. कुणाला दूध चालत नसेल तर तिथेच कळू दे. आणि ते येऊन गेले की इथे लिहा.