फीनिक्स डाउनटाऊनमध्ये घर घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं आम्ही फीनिक्सच्या चँडलर या उपनगरात भाड्याने राहतोय. आता बायकोला एएसयूच्या (अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) डाउनटाऊन कँपसमध्ये नोकरी लागलीय, म्हणून घर तिकडेच बघतोय. ‘रूझवेल्ट रो’ या कलादालनांच्या भागाजवळचा काँडो (इमारतीतला फ्लॅट) की ‘विलो’ या ऐतिहासिक वस्तीतलं जुनं घर, इथे गाडं अडलंय.

विलोतली बरीच घरं १९२०-३०च्या दशकांतली. जुनी झाडं, लाइट रेल चालत जाण्याइतकी जवळ. आम्ही पाहिलेल्या घराच्या अंगणाला कालव्याचं पाणी मिळतं, तेही पाळीने! कधी कधी रात्री उठून झडप उघडायची. सांगलीला आजोबा असेच कंदील घेऊन पाणी धरायला जायचे. मी तिथेच विरघळलो. बायको मात्र मोरीचे पाइप बघत होती (तिचंच बरोबर आहे).

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: इतक्या जुन्या घराचं उन्हाळ्यातलं वीजबिल किती येतं? २०२३ मध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याच्याही वर गेला होता, त्या महिन्याचा आकडा कळला तर उत्तम. ऐतिहासिक विभागात खिडक्या बदलायला शहराची परवानगी मिळवताना किती त्रास होतो? ऐतिहासिक घरांना मिळणारी मालमत्ता करातली सवलत घर विकत घेतल्यावर आपोआप पुढे चालू राहते की नव्याने अर्ज करावा लागतो?

आणि काँडोवाल्यांनो, फर्स्ट फ्रायडेला (महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रात्री तिथे भरणारा कलामेळा) झोप लागते का हो? आमचं पिल्लू दोन वर्षांचं आहे.

माझं ऑफिस चँडलरलाच राहणार. रोज आय-१० महामार्गावरून जाणारं कुणी आहे का इथे?