गवताचा पट्टा जाळायचा आहे: जाळरेषा किती रुंद, काडी कुठून?

बांधकरी:
शेताला लागून चार हेक्टरचा गवताळ पट्टा आहे. गवत कमरेएवढं, खाली तीन-चार वर्षांचा वाळका थर, शिवाय काटेरी झुडपं आत घुसायला लागलीत. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि ससे तिथे आहेत, ते टिकायला हवेत. एकाच दिवशी चारही बाजूंनी पेटवून मोकळं व्हावं म्हणतो. जाळरेषा (आग बाहेर जाऊ नये म्हणून कडेने मोकळी केलेली पट्टी) किती ठेवू? आणि लगेहाथ शेजारच्या धसकटालाही काडी लावू का?

उलटा वारा:
चारही बाजूंनी मुळीच नको. ज्वाळा मध्याकडे ओढल्या जातात, धग एकदम वाढते आणि आतल्या जिवांना पळायला वाट उरत नाही.

वारा पश्चिमेकडून वाहतोय असं धरा. मग पहिली काडी पूर्वेच्या कडेला. आग वाऱ्याविरुद्ध रांगत जाते, तासाला साधारण 20 ते 60 मीटर. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी सुरक्षितता त्यातच. तिथे 15-20 मीटरचा काळा पट्टा तयार झाला की उत्तर-दक्षिण कडा, आणि पश्चिमेची कड सगळ्यात शेवटी.

जाळरेषा 3 मीटर, तीही माती उघडी पडेपर्यंत नांगरून. नुसतं गवत कापून भागत नाही. कापलेलं गवत रेषेच्या कडेला ढीग करून ठेवलं, तर आग नेमकी तिथूनच उडी मारते. ते पार लांब न्या.

वारा ताशी 5 ते 20 किमी आणि एकाच दिशेचा हवा. अजिबात वारा नसणं चांगलं नाही, कारण तो कधी कुठून सुटेल याचा भरवसा नसतो. आर्द्रता 30 ते 60 टक्के. सकाळी 20 अंशांना 60 टक्के मोजली आणि दुपारी तापमान 31 वर गेलं, तर तीच जवळपास निम्म्यावर येते. म्हणून दर तासाला मोजा. ड्रिप टॉर्चमध्ये (पेटतं इंधन थेंबाथेंबाने टाकणारा हातातला डबा) तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. पेट्रोल वाढवलं की भडका उडतो. आधी पूर्वेच्या कोपऱ्यात दोन-तीन मीटरचा तुकडा पेटवून दहा मिनिटं धूर बघा. तो जमिनीलगत पसरत असेल तर विझवा आणि घरी जा.

स्थानिक परवानगी, अग्निशमन दल आणि शेजारी हे सगळं आदल्या दिवशीच उरकलेलं असावं.

तृणपाती:
वर सांगितलेलं बरोबर, पण चार हेक्टर एकदम जाळू नका. तीन भाग करून दरवर्षी एक. किडे वाळक्या काड्यांत आणि पाल्यात दडून असतात. सगळं जाळलं तर पुन्हा पसरायला कोणी उरत नाही. पिल्लांचं खाणंही तेच किडे. घरटी सुरू व्हायच्या आत काम संपवा. आत थोडे तुकडे न जळता राहिले तर ते मुद्दाम पेटवायला जाऊ नका, सशांना तोच आडोसा.

झुडपांबाबत फार आशा नको. वरचा भाग करपतो, पण बहुतेक जाती बुंध्यातून पुन्हा फुटतात. मनगटाएवढे बुंधे काही आठवडे आधी कापून जागीच वाळू द्या. नंतरचे कोवळे फुटवे चरणारी जनावरं खातात किंवा पुढच्या जाळात जातात.

काळी माती:
धसकटाला काडी नको. नत्र आणि गंधक बरंचसं धुरातून उडून जातं, पालाश-स्फुरद राखेत राहतं पण पहिल्या जोराच्या पावसात वाहू शकतं. बारमाही गवताची मुळं जिवंत असतात, ती माती धरून ठेवतात. धसकटाची मुळं मेलेली, त्यामुळे पेरणीपर्यंत जमीन उघडीच.

बांधकरी:
तीन भाग पटले, धसकट वगळलं. ज्वाळा विझल्यावर किती वेळ थांबायचं?

उलटा वारा:
ज्वाळा विझल्या म्हणजे आग विझली नाही. वाळकं शेण, जुने बुंधे, लाकडी कुंपणाचे खांब दिवसभर आतून धुमसतात आणि दुसऱ्या दुपारी वारा वाढला की ठिणग्या उडतात. रेषेपासून 20-30 मीटर आतपर्यंत पाठीवरचा पंप घेऊन फिरा. पालथा हात जवळ नेऊन धग लागते का बघा. लागली तर पाणी ओता, फावड्याने उलथा, पुन्हा ओता. नुसती माती लोटलीत तर खाली धुमसत राहतं.