‘स्टॉर्मिंग फोर्ट वॅग्नर’: १८९० ची मूळ छाप की नंतरची प्रत?

जुनेकागद: कुर्त्झ अँड अ‍ॅलिसन, शिकागो यांची ही प्रिंट विकत घ्यायची आहे. अमेरिकन यादवी युद्धातला प्रसंग: उत्तरेच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेच्या किल्ल्याच्या तटावर चढताहेत, वर त्यांचे प्रमुख कर्नल शॉ. विक्रेता मूळ क्रोमोलिथोग्राफ (दगडांवरून अनेक रंगांत छापलेलं चित्र) म्हणतो. कागद पिवळा, मागे पुठ्ठा चिकटवलेला. खात्री कशी करायची? पुठ्ठा काढावा का?

शिळाछाप: आधी फ्रेममधून बाहेर काढायला सांगा. टेकवून बघायचं १० पटीचं भिंग काचेवर ठेवलं तर कागद फोकसमध्ये येत नाही. मग आकाश आणि चेहरे बघा. मूळ छापेत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. कडेला एखादा रंग रेषेबाहेर सरकलेला. रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं भिंगाखाली पाहिली असतील तर हा पोत लगेच ओळखू येईल. ऑफसेटमध्ये, म्हणजे नंतरच्या यांत्रिक छपाईत, ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गोलात. शीर्षकाची अक्षरंही तपासा, मूळ छापेत ती सलग काळी असतात. पिवळ्या कागदावर मात्र विसंबू नका, स्वस्त कागद काही दशकांतच पिवळा पडतो.

खळ_आणि_कागद: पुठ्ठा स्वतः काढू नका. लाकडाच्या लगद्याच्या पुठ्ठ्यातलं आम्ल चित्रात उतरतं, म्हणून तो निघायला हवाच. पण चित्र ओढून सोडवलं की ठिसूळ कागद उभा फाटतो. कागद-संवर्धक चित्र पालथं ठेवून पुठ्ठाच थराथराने तासत आणतात. फ्रेम करताना कापसाच्या कागदाचा माउंट, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा तपकिरी डाग जात नाही. चित्र काचेला टेकू देऊ नका. दमट हवेत तिथेच बुरशी धरते.

मॉरिस_बेट: चित्राबद्दल थोडं. हल्ला १८ जुलै १८६३ चा, चार्ल्सटनजवळच्या मॉरिस बेटावर, संध्याकाळी अंधारून येताना. चित्रात उजेड भरपूर आहे, कारण ते २७ वर्षांनी विक्रीसाठी रचलेलं. शॉ तटावरच मारले गेले, हे खरं. रेजिमेंटच्या सुमारे ६०० पैकी २७० च्या आसपास सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. जखमी विल्यम कार्नी यांनी झेंडा खाली पडू दिला नाही. त्यासाठीचं मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक, त्यांच्या हाती आलं १९०० मध्ये! याच हल्ल्याची करियर अँड आइव्हजची प्रिंट १८६३ मधलीच. ती एकाच दगडावरून काळ्या शाईत छापून हाताने रंगवलेली, त्यामुळे तिला पाणी लागलं की रंग फुटतो.

जुनेकागद: विक्रेत्याने जवळून काढलेला फोटो पाठवला. शीर्षकाच्या काळ्या अक्षरांच्या कडाही बारीक, सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांच्या आहेत.

शिळाछाप: मग ती फोटोवरून काढलेली ऑफसेट प्रत. मूळ छापेचा भाव देऊ नका. फक्त भिंतीवर लावायची असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून मोठी टिफ फाईल मोफत उतरवा आणि आम्लरहित कागदावर छापून घ्या.