मदत हवी आहे : चरणसिंग मंत्रिमंडळाची खातेवार यादी (१९७९)

नमस्कार मंडळी. आजोबांची एक वही सापडली आहे. २८ जुलै १९७९ ला चरणसिंग पंतप्रधान झाले, त्या शपथविधीनंतर त्यांनी पेन्सिलीने खाती उतरवून ठेवली होती : यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान आणि गृह, बहुगुणा अर्थ, सी. सुब्रमण्यम संरक्षण, श्यामनंदन मिश्र परराष्ट्र. चव्हाणांच्या नावाखाली दोन रेघा. आधीचे पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव त्यांनीच मांडला होता ना! त्यापुढचं पान ओल लागून चिकटलंय, उलगडायला गेलं की फाटतं.

इंदिरा गांधींच्या काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला, संसदेला सामोरं न जाताच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. पण काळजीवाहू म्हणून हेच मंत्रिमंडळ जानेवारी १९८० पर्यंत चाललं. मधल्या काळात बहुगुणा बाहेर पडले, म्हणजे खाती बदलली. मला नेमकं तेच हवंय : राज्यमंत्र्यांसकट पूर्ण यादी आणि तारखांसह फेरबदल. अण्णाद्रमुकचे सत्यवाणी मुत्तू आणि बाला पजनोर यांची नावं वहीत आहेत, खाती मात्र पुसली गेलीत.

कुणाकडे त्या दिवसांची मराठी वर्तमानपत्रं किंवा कात्रणं असतील तर कृपया फोटो टाका. वही पुन्हा नीट लिहून आईला द्यायची आहे.