अनुभव धागा : पुस्तकातले पात्र पडद्यावर भेटले तेव्हा

फोंड्याहून

अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरच्या मालिकांविषयी बोलताना आपण कथानकातल्या बदलांवरच वाद घालतो. इथे मात्र केवळ पात्रांविषयी लिहावे, अशी विनंती आहे. त्यातही धड सज्जन नाहीत आणि धड दुर्जनही नाहीत, अशा पात्रांविषयी. सुरुवात मीच करतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पुस्तके मी आधी वाचली होती, त्यामुळे २०१४ साली चौथ्या सीझनच्या अखेरीस बलाढ्य लॅनिस्टर घराण्यातला बुटका धाकटा मुलगा टिरियन तुरुंगातून निसटतो, त्या प्रसंगाची मी आतुरतेने वाट पाहत होतो. पुस्तकात तिथे जेमी भावाला कबुली देतो की, टिरियनने कोवळ्या वयात जिच्याशी लग्न केले ती टायशा वेश्या नव्हतीच. वडिलांच्या सांगण्यावरून आपण ते खोटे बोललो होतो. एवढे ऐकल्यावर टिरियनला भाऊही उरत नाही आणि बापही, आणि त्याच संतापात तो बापावर बाण सोडतो. मालिकेत दोघे भाऊ मिठी मारून निरोप घेतात. बाप तरीही मरतो, पण मारणाऱ्याची ती जुनी जखम प्रेक्षकाला दिसतच नाही. पुस्तकातल्या टिरियनचे लढाईत जवळजवळ सगळे नाक जाते, पडद्यावर एक व्रण उमटतो. आणि पुढे सुडाने कडवट झालेल्या माणसाऐवजी शहाणपणाचे सल्ले देणारा अमात्य आपल्याला भेटतो. पीटर डिंकलेजचे काम उत्तमच आहे, म्हणून तर चुटपुट अधिक.

पेडण्याहून

मी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांत वर्षानुवर्षे खलनायकाच्या भूमिका करतो, म्हणून जेमीविषयी लिहितो. पहिल्या दोन पुस्तकांत तो आपल्याला इतरांच्याच नजरेतून दिसतो. त्याच्या मनातून लिहिलेली प्रकरणे तिसऱ्या पुस्तकात येतात आणि वाचकाचे मत पालटू लागते. मालिकेला ही सोय नाही. आमच्या नाटकात स्वगत असते, प्रेक्षकांकडे वळून मनातले बोलून मोकळे होता येते. कॅमेऱ्यासमोर तेही चालत नाही. मात्र ज्याच्या रक्षणाची शपथ घेतली त्याच राजाला का मारले, हे हात तुटलेला जेमी न्हाणीघरात सोबतच्या ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला सांगतो, तो पुस्तकातलाच प्रसंग मालिकेने तिसऱ्या सीझनमध्ये जपला, आणि ते स्वगतच होते, फक्त ऐकायला समोर एक माणूस होता. नट आवाज चढवत नाही, उलट तो खाली खाली जातो.

त्या वर्षी दुर्योधनाचे शेवटचे भाषण मी गर्जना न करता, जवळजवळ कुजबुजत म्हटले. मागच्या रांगांतून ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड झाली, हे खरे, पण पुढे बसलेली एक म्हातारी नंतर म्हणाली, “आज तुजी काकुळट आयली रे पुता.” म्हणजे, आज तुझी दया आली रे बाळा.

म्हापशाहून

‘द व्हील ऑफ टाइम’मधला दणकट लोहार पेरिन मला आवडतो, तो त्याच्या सावधपणासाठी. आपल्या ताकदीने कुणाला इजा होईल, या धास्तीने तो प्रत्येक गोष्ट सावकाश करतो. २०२१ च्या मालिकेने पहिल्याच भागात त्याला पुस्तकात नसलेली बायको दिली आणि झटापटीत त्याच्याच हातून चुकून तिला मारले. विचार करणारा माणूस दाखवणे कठीण, म्हणून अपराधी माणूस दाखवला. मला ही पळवाट वाटली.

डिचोलीहून

उलटेही घडते. दूरदर्शनवर १९९४ साली सुरू झालेल्या ‘चंद्रकांता’तला खलनायक क्रूरसिंह, त्याच्या त्या भुवया आणि ‘यक्कू’ हे पालुपद, आम्ही अंगणात खेळताना उचलले होते. देवकीनंदन खत्रींची १८८८ ची कादंबरी पुढे वाचली, तेव्हा त्यातला हाच वजिराचा मुलगा मला फारच फिका वाटला.

मडगावहून

‘हिज डार्क मटेरियल्स’ मी लेकीबरोबर पाहिली. त्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्यासोबत वावरतो. नायिकेची निष्ठुर आई मिसेस कोल्टर, तिचे सोनेरी माकड पुस्तकातही बोलत नाही आणि मालिकेतही नाही. पण रूथ विल्सन त्याच्याशी इतक्या कठोरपणे वागते की, तिला स्वतःचाच किती तिटकारा आहे, हे एकही संवाद न बोलता कळते. पावसामुळे मध्येच वीज गेली, तेव्हा अंधारात लेकीने विचारले, “आई, ती आपल्याच माकडावर एवढी का चिडते?” मी मेणबत्ती लावून पुस्तक काढले आणि माकडाचा उल्लेख असलेली पाने चाळू लागले. वीज आली तेव्हा मी अजून शोधतच होते, आणि लेकीने तोच प्रसंग पुन्हा लावला होता.