इंफाळच्या आकाशातली 7 नंबर स्क्वाड्रन: आपला इतिहास की इंग्रजांचा?

डोंगरवाट (धागाकर्ता)

आपल्याकडे हवाई दलाचा इतिहास सांगायला बसलं की 1932 साली स्थापना, मग एकदम 1947 चं श्रीनगर, मग 1965 आणि 1971. मधली दुसऱ्या महायुद्धाची वर्षं कुणी उघडतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

1 डिसेंबर 1942 ला आपल्या हवाई दलाच्या 7 आणि 8 नंबरच्या स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, उभ्या राहिल्या. त्यांना मिळालं अमेरिकन बनावटीचं व्हल्टी व्हेंजन्स. वैमानिक आणि मागे गनर, अशी दोन माणसं. 500 पौंडाचे दोन बॉम्ब पोटात आणि 250 पौंडाचे दोन पंखांखाली. हे विमान सरळ खाली सूर मारण्यासाठीच घडवलेलं. पंख असे बसवले होते की नाक जमिनीकडे करून नव्वद अंशात कोसळतानाही ते निशाण्यावरून ढळू नये. वेग आवरायला पंखांवर जाळीदार ब्रेक. दहा-बारा हजार फुटांवरून विमान उलटं करायचं, जंगलातला तो एक ठिपका समोर धरायचा, बॉम्ब सोडायचे आणि विमान वर खेचायचं. त्या खेचण्यात डोक्यातलं रक्त उतरतं, डोळ्यांपुढे करडा पडदा येतो. हे सगळं ऐन विशीतली आपली मुलं करत होती.

8 नंबर डिसेंबर 1943 मध्ये चितगावजवळून अराकानच्या मोहिमेत उतरली. 7 नंबर मार्च 1944 मध्ये सिल्चरजवळच्या धावपट्टीवर आली, तेव्हा जपानी 15 वी आर्मी इंफाळ-कोहिमावर चालून येत होती. हेम चौधरी स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर स्क्वाड्रन प्रताप चंद्र लाल यांच्याकडे आली. हेच लाल पुढे 1971 च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते.

माझं म्हणणं एवढंच: ही आपली स्क्वाड्रन होती, तिचं युद्ध आपलं मानायला हवं.

कृष्णाकाठ

पूर्ण असहमत, आणि रागानेच लिहितोय.

1943 साल आठवा. बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली आणि सरकार युद्धाच्या गरजा आधी बघत होतं. आमच्या साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव उभं होतं, पोरं भूमिगत होती. आदल्या वर्षीच बिहारमध्ये याच साम्राज्याच्या विमानांनी आंदोलकांवर मशिनगन चालवल्या होत्या. आणि तुम्ही म्हणता, त्याच राजाची शपथ घेतलेल्यांचं युद्ध आपलं?

दुसरं. इंफाळला समोर फक्त जपानी नव्हते. बर्माच्या चिन टेकड्यांत हाका-फालमला आझाद हिंद सेनेची, शाहनवाज खान यांची सुभाष ब्रिगेड होती. पालेलच्या बाजूला गांधी ब्रिगेड. 14 एप्रिल 1944 ला मोइरांगला तिरंगा फडकला. व्हेंजन्स ज्या रस्त्यांवर आणि पुलांवर बॉम्ब टाकत होतं, त्या रसदीवर आझाद हिंद सेनेचे जवानही जगत होते. उपासमार आणि हिवतापाने त्यातले किती गेले, हे एकदा वाचा.

त्या वैमानिकांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण धैर्य कुणाच्या बाजूने वापरलं, हा प्रश्न टाळता येत नाही.

पंखा आणि पाती

मी राजकारणात पडत नाही, विमानाबद्दल बोलतो. धागाकर्त्याने व्हेंजन्सला फार डोक्यावर घेतलंय.

ब्रिटिशांनी हे विमान 1940 मध्ये मागवलं, कारण फ्रान्समध्ये स्टुकांनी, म्हणजे जर्मनांच्या सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानांनी, दहशत बसवली होती. पण त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडवर त्याच स्टुकांची इतकी कत्तल झाली की जर्मनांनी त्या मागे घेतल्या. म्हणजे विमान हातात येण्याआधीच ती कल्पना जुनी झाली होती. अमेरिकेने स्वतः व्हेंजन्स लढाईत वापरलंच नाही, प्रशिक्षणाला आणि नेमबाजीच्या सरावासाठी निशाण्याचं कापड मागे ओढायला ठेवलं. ऑस्ट्रेलियाची व्हेंजन्स न्यू गिनीतून मार्च 1944 मध्ये परत पाठवली गेली, म्हणजे आपली 7 नंबर आघाडीवर पोचली त्याच महिन्यात! इंजिन तेल पीत होतं. आणि ज्या पंखांचं कौतुक चाललंय, त्यांच्यामुळेच सरळ उडताना नाक वर राहायचं, वैमानिकाला पुढचं धड दिसत नसे.

बर्मात ते टिकलं, कारण तिथे जपानी लढाऊ विमानं विरळ झाली होती आणि सोबतीला आपली लढाऊ विमानं असत. हरिकेन हे लढाऊ विमानही 500 पौंडाचे दोन बॉम्ब नेत होतं, शिवाय परतताना लढू शकत होतं. 1944 संपता संपता 7 नंबरला हरिकेन आणि 8 नंबरला स्पिटफायर दिली, ती उगीच नाही.

डोंगरवाट

@पंखा आणि पाती: तपशील मान्य. पण इंफाळचा भूगोल बघा. टेकडीच्या धारेवर झाडांच्या मुळांखाली खणलेले जपानी बंकर, आणि खालच्या उतारावर आपलेच जवान. तिरप्या मार्गाने टाकलेला बॉम्ब धार चुकला तर पलीकडच्या दरीत जातो. उभा पडणारा बॉम्ब धारेवरच बसतो. पायदळाने धुराचे गोळे टाकून जागा दाखवायची आणि विमानाने नेमकं तिथे यायचं, ही कामाची पद्धत त्या महिन्यांत घडली. तिद्दिम रस्त्यावर मणिपूर नदीचा पूल होता, जपान्यांची रसद त्यावरून येई. 7 नंबरने त्यावर सूर मारले. पुलासारख्या अरुंद निशाण्याला हे विमान बरोबर लागू पडत होतं.

@कृष्णाकाठ: तुमच्या रागाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, आणि आझाद हिंद सेनेला कमी लेखायचा विचारही मनात नाही. पण 1944 मध्ये इंफाळ पडलं असतं तर पुढे आसाम होता आणि मागून येणारं सैन्य जपान्यांचं होतं. अंदमानात त्यांनी लोकांचे काय हाल केले, तेही आपल्याच इतिहासात आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे विमान चालवणारे, स्क्वाड्रन सांभाळणारे, इंजिन उघडून परत बसवणारे भारतीय होते. ते या वर्षांत तयार झाले.

कृष्णाकाठ

अंदमानचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण “पुढे उपयोग झाला” म्हणून तेव्हाचं योग्य ठरत नाही. रेल्वेचाही पुढे उपयोग झाला.

पलटणीचा नातू

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचे आजोबा मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च 1944 मध्ये ही पलटण सांगशाकला 50 व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यात सापडली. चार-पाच दिवस. पाणी संपलेलं, दारूगोळा संपत आलेला. विमानातून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्या हद्दीत पडत होतं, आणि हे खंदकातून बघत बसायचे. आजोबा बाकी फारसं बोलायचे नाहीत, पण सामानाची ती हवाई छत्री पलीकडे वाहत जाताना दिसली की काय वाटायचं, हे मात्र हात हलवून दाखवायचे.

त्यामुळे वरून टाकलेली वस्तू नेमकी कुठे पडते, याला खालच्या माणसाच्या लेखी किती किंमत आहे, हे आमच्या घरात माहीत आहे. विमान जुनाट होतं की नाही, ते तुम्ही जाणकार ठरवा.

आणि कृष्णाकाठ, आजोबा गावी परतले तेव्हा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ प्रतिसरकारच्या कामात होते. दोघे एकाच ताटात जेवायचे. भांडायचेही, तुम्ही दोघं भांडताय तसेच.

कृष्णाकाठ

हे वाचून थांबलो. माझं मत तेच आहे. पण त्या धाकट्या आजोबांबद्दल तुमच्या घरात जे काही सांगितलं जातं, ते सवडीने लिहा. कोणत्या गावचे, कोणाबरोबर होते. सांगशाकचंही लिहा.