विषय ठरवून वाचायचं की मन नेईल तिथे? बडोद्याच्या वाचनगटासाठी एक चर्चा

दांडियाबाजारकर

जानेवारी आला की वाचन-आव्हानांच्या याद्या फिरू लागतात. पुस्तकांवर नियमाने लिहिणारी मंडळी बारा महिन्यांना बारा विषय लावून देतात. एक महिना आत्मचरित्राचा, एक अनुवादाचा, एक दलित साहित्याचा, एक आपल्या जन्मसालातल्या पुस्तकाचा. आपण नाव नोंदवायचं, वाचायचं आणि चार ओळी लिहायच्या. आपल्या गटाने यंदा असं काही घ्यावं का, यावर गेल्या बैठकीत खडाजंगी झाली. "वाचन म्हणजे काय कवायत आहे?" असं एकाने विचारलं आणि विषय तिथेच बारगळला. म्हणून इथे मांडतो.

माझं मत स्पष्ट आहे. घ्यावं, आणि बडोद्यात तर नक्कीच घ्यावं.

पुण्यात माणूस अप्पा बळवंत चौकातून नुसता चालत गेला तरी पुस्तकं त्याच्या नजरेस पडतात. आपण रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत गेलो तर एकतरी नवं मराठी मुखपृष्ठ दिसेल याची खात्री नाही. मग आपण वाचतो काय? घरच्या कपाटात जे आहे ते, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकाने पिशवीतून आणलेलं. म्हणजे फिरून तेच. त्याच ऐतिहासिक कादंबऱ्या, तेच दोन विनोदी लेखक. 'मन नेईल तिथे' हे ऐकायला छान वाटतं, पण मन डोळ्यांपुढे जे आहे तिथेच नेतं. विषय ठरला की शोधायला लागतं, विचारायला लागतं, ग्रंथालयात जाऊन उभं राहावं लागतं.

शिवाय विषय चांगला निवडला तर त्यातून मोठी कामं होतात. ऑगस्ट महिन्यात अनुवादित लेखिका वाचायच्या, ही मोहीम २०१४ साली एका वाचक बाईने एकटीने सुरू केली. इंग्रजीत अनुवाद होऊन येणाऱ्या पुस्तकांत बायकांची पुस्तकं जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास असतात, हे तिला खुपलं. आज ऑगस्ट आला की प्रकाशक आणि दुकानदारही त्या पुस्तकांची वेगळी मांडणी करतात. एका वाचकाच्या चिडीतून हे उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे 'एक साल' धरून वाचणं. इंग्रजी वाचणारी काही मंडळी २०१५पासून वर्षातून दोनदा, आठवडाभर, एकाच सालात प्रकाशित झालेली पुस्तकं वाचतात. पहिलं साल होतं १९२४. आता हे मराठीत करून बघा. १९६२ला 'स्वामी' आली आणि १९६३ला 'कोसला'. अवघ्या वर्षाचं अंतर. एकीत पेशवाईचा दरबार, दुसरीत पुण्याच्या वसतिगृहातला खानदेशी मुलगा. आपण दोन्ही वाचलेल्या असतात, पण दहा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या वयात. लागोपाठ वाचल्या तर त्या काळातला मराठी वाचक एकाच वेळी काय काय पचवत होता ते कळेल. हे मन नेईल तिथे गेल्याने घडत नाही, त्यासाठी कुणीतरी ठरवावं लागतं.

सुरसागर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहिते, पण मला हे अजिबात पटलेलं नाही. ठरवलेल्या विषयात वाचलं की पुस्तक पुस्तक राहत नाही, रकाना होतं.

माझ्या भाचीने मागच्या वर्षी असंच एक आव्हान घेतलं होतं. दिवाळीनंतर तिचे बरेच विषय उरले होते. मी तिच्या शेजारी बसले होते. ती पुस्तकं उघडत होती ती थेट शेवटच्या पानाशी. पृष्ठसंख्या बघायची आणि बाजूला ठेवायची. दीडशेच्या वरचं एकही घेतलं नाही. तिला वाचायची आवड आहे, चांगली समज आहे, आणि तीच मुलगी पुस्तकं जाडीवरून निवडत होती! गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११पासून 'यंदा इतकी पुस्तकं वाचीन' असा आकडा लावायची सोय आहे. बुक रायट या पुस्तकांवरच्या इंग्रजी संकेतस्थळाच्या २०१५पासूनच्या आव्हानात वर्षाला चोवीस कामं असतात. महिन्याला दोन. नोकरी, घर, म्हातारी माणसं सांभाळून महिन्याला दोन पुस्तकं, तीही दुसऱ्याने सांगितलेल्या प्रकारातली. मग माणूस बारीक पुस्तकंच शोधणार. हजार पानांची कादंबरी उन्हाळाभर घेऊन बसायचं सुख यात कुठे बसतं?

आणि माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. 'बलुतं' १९७८ साली आलं. तुमच्या यादीत ते कुठे ठेवणार? आत्मचरित्राच्या महिन्यात की दलित साहित्याच्या? दलित साहित्याच्या महिन्यात ठेवलंत तर वाचणाऱ्याने ते उघडण्याआधीच ठरवलेलं असतं की हे कशासाठी वाचायचं. त्यातली मुंबई, त्यातला बाप, त्यातली लाज वाटून घेणारा आणि ती लिहून काढणारा माणूस, हे सगळं मागे पडतं. 'तो महिना झाला' एवढीच खूण उरते. पुढच्या अकरा महिन्यांत त्या लेखकांकडे कोण वळून बघतं? महिना नेमून देणं हा मला मान वाटत नाही, वेगळी पंगत मांडल्यासारखं वाटतं.

दांडियाबाजारकर

ताई, पंगतीचा मुद्दा लागला मला. पण उलटंही बघा. आपल्या गटात गेल्या काही वर्षांत एकाही दलित लेखकाच्या पुस्तकावर चर्चा झालेली नाही. महिना नव्हता, तरी बारा महिने कोरडेच गेले ना? सगळे आपापल्या मनाने वाचत होते, आणि ते मन कुठे गेलं नाही हे आपल्याला दिसतंय. महिना नेमल्याने अन्याय होतो म्हणून महिनाही नको आणि पुस्तकही नको, हे मी मान्य करणार नाही.

जाड्या पुस्तकांचं म्हणाल तर सगळ्याच आव्हानांत आकड्यांची शर्यत नसते. २०१२ला सुरू झालेल्या एका क्लासिक्सच्या उपक्रमात किमान पन्नास अभिजात पुस्तकांची यादी वाचक स्वतः करतो आणि ती संपवायला पाच वर्षं घेऊ शकतो. वर्षाला दहा पुस्तकं, आणि पूर्वी वाचलेलं पुन्हा वाचलं तरी चालतं. भाचीला जे जड गेलं तो त्या आव्हानाच्या आखणीचा दोष आहे.

निवृत्त ग्रंथपाल

आयुष्य पुस्तकांच्या मांडण्यांत गेलं, म्हणून बोलते. (कुठल्या ग्रंथालयात ते महत्त्वाचं नाही.)

पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तो आमचा खरा आरसा. चांगल्या, गाजलेल्या मराठी पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असलेला मी पाहिला आहे. पुस्तक धड असतं, बांधणी शाबूत असते, फक्त मागणारा नसतो. अशी पुस्तकं पुढे जागेच्या टंचाईत बाद होतात. कुणी मुद्दाम नष्ट करत नाही, पण वीस वर्षं कुणी हात लावला नाही तर ग्रंथपालाकडे त्याच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. चार वाचकांनी 'एकोणीसशे साठच्या आधीचं प्रवासवर्णन द्या' म्हणून मागणी केली की आम्ही शिडी लावतो, वरची रांग काढतो, धूळ झटकतो. त्या कागदावर एक नवा शिक्का पडतो आणि पुस्तकाला काही वर्षांचं आयुष्य मिळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे एक आहे. विषयवार वाचन त्या सूत्राला हातभार लावतं, म्हणून माझा कौल दांडियाबाजारकरांना.

आणि बडोद्याला हे काही नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली, आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून फिरती वाचनालयं गावोगाव जाऊ लागली. गावातल्या शेतकऱ्याने ती पेटी स्वतः भरलेली नव्हती. कुणीतरी विचार करून भरलेली होती, आणि ती त्याने उघडली. त्याने वाचनाची गोडी मारली गेली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एक अट मात्र घालीन. यादी करण्याआधी ग्रंथालयाची तालिका बघा. जी पुस्तकं इथे मिळतच नाहीत असे विषय घेतलेत, तर मार्चपर्यंत निम्मे लोक गळतील.

सुरसागर

बाई, पेटीचा दाखला चांगला आहे, पण ती पेटी उघडल्यावर त्यातलं कुठलं पुस्तक घ्यायचं ते शेतकरीच ठरवत असणार. कुठलंही न घेता पेटी बंद केली तरी त्याचं नाव कुठल्या तक्त्यात मागे पडत नव्हतं.

अकोटा_वाचतंय

मी गटात सगळ्यात लहान असेन. इंग्रजी माध्यमात शिकले, शाळेत हिंदी आणि गुजराती होतं. घरी मराठी बोलतो, त्यामुळे बोलायला काही अडत नाही. देवनागरी येते, पण मराठी छापील पान वाचताना मी अडखळते. जोडाक्षरं, जुनी वळणं, लांब वाक्यं. एका पानाला इंग्रजीच्या तिप्पट वेळ लागतो. माझ्यासारखे इथे बरेच आहेत, ते बोलत नाहीत इतकंच.

तर माझी विनंती अशी की आव्हान घ्या, पण ऐकलेलं पुस्तक धरा. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या ॲपवर मराठी भरपूर आहे. मी ऑफिसला जाता-येता ऐकते. ऐकलेलं धरलं नाही तर माझं वर्ष दुसऱ्या पुस्तकावरच अडकेल, आणि मग मी सरळ इंग्रजीकडे जाईन.

दुसरं, यादी पुण्याहून उचलू नका. 'तुमच्या गावावरची कादंबरी' असा विषय तिथल्या लोकांना सोपा आहे. मी बडोद्यावरची मराठी कादंबरी कुठे शोधू?

जुना प्रतापगंज

बेटा, तुझं दुसरं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पहिल्याला माझा विरोध आहे, आणि रागावू नकोस. ऐकणं वाईट नाही. मी स्वतः आजीच्या तोंडून हरिविजय ऐकत मोठा झालो. पण तुझी अडचण डोळ्यांची आहे, आणि ती कानाने सुटणार नाही. ऐकलेलं धरलं तर वर्षाअखेर तुझ्या नावावर बारा पुस्तकं असतील आणि जोडाक्षराशी तू तशीच अडखळशील. पुढच्या पिढीत तर तेही जाईल. बडोद्याची मराठी तीन-चार पिढ्या टिकली ती बोलण्याबरोबर वाचण्यामुळे. इथे १९०९ला साहित्य संमेलन झालं, २०१८ला पुन्हा झालं, ते नुसत्या बोलणाऱ्यांच्या जिवावर नाही. तुझ्यासाठी वर्षाला चार पुस्तकं ठेवू, पण डोळ्यांनी वाचलेली.

विषय मी सुचवतो, खास इथला. दोन भाषांच्या मधली माणसं. काकासाहेब कालेलकर साताऱ्याचे, घरची भाषा मराठी. इथे बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिकवायला आले आणि पुढे गुजरातीतले मोठे गद्यलेखक झाले. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. हा विषय पुण्याच्या यादीत येणार नाही, तो आपणच घ्यायला हवा. आणि त्या महिन्यात गुजरातीत वाचलेलं पूर्ण धरायचं. आपल्याला दोन्ही लिप्या येतात हे आपलं धन आहे.

अकोटा_वाचतंय

काका, राग नाही. पण चार पुस्तकं 'माझ्यासाठी' वेगळी ठेवलीत तर सुरसागरताई म्हणतात ती वेगळी पंगत माझीच झाली. पुस्तक हातात उघडं ठेवून सोबत ऐकायचं, असं धरा. मी तसं करून पाहिलंय. नजर आवाजाच्या मागे ओळीवरून सरकत जाते आणि जोडाक्षर कसं म्हणायचं ते तिथल्या तिथे कळतं.

जुना प्रतापगंज

पुस्तक समोर उघडं असेल तर माझी काही हरकत नाही. हे मला सुचलं नव्हतं.

दांडियाबाजारकर

मग असं करू या का? बारा नको, चार विषय, प्रत्येकी तीन महिने. पहिला: १९६२-६३ची पुस्तकं. दुसरा: मराठी-गुजरातीच्या मधली माणसं. तिसरा: ग्रंथपालबाई सांगतील तो, ज्यांच्या कागदावर शिक्का पडून जमाना झाला अशी पुस्तकं. चौथा मोकळा. दलित साहित्याला वेगळा काळ न देता प्रत्येक तीन महिन्यांत निदान एक पुस्तक त्यातलं घ्यायचं. ताई, यावर काय म्हणता?

निवृत्त ग्रंथपाल

तिसऱ्याची यादी मी पंधरवड्यात देते. प्रवासवर्णनं आणि जुनी बायकांची आत्मचरित्रं यांपासून सुरुवात करीन. प्रत एकेकच असेल, तर आठवडे वाटून घ्यावे लागतील.

सुरसागर

बारावरून चारावर आलात हे बरं झालं. शेवटची दुरुस्तीही पटली. तरी विषय नेमूनच वाचावं, हे मला अजून मान्य नाही, आणि चौथे तीन महिने मोकळे ठेवलेत तेच मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात.

माझी हरकत आता नोंदीवर आहे. कुणी किती वाचली याचा तक्ता गटात लावायचा नाही. पहिल्या तिमाहीचा नाही, वर्षाअखेरचाही नाही. लिहायचंच असेल तर कुठल्या पानावर थांबलात आणि का थांबलात ते लिहा. पुस्तक अर्धवट सोडलं तर तेही लिहा, कारण सोडण्यामागेही वाचणं असतं. एवढं मान्य असेल तर 'कोसला'च्या चर्चेला मी येते, ती मी तीनदा वाचली आहे आणि बोलायला पुष्कळ आहे. तक्ता लागणार असेल तर माझं नाव घालू नका.